भागिरथानं उसवलेली थैली

स्नेहा मॅडम म्हणे, "रुपाबाई, भागिरथाबाईंबद्दल चार शब्द सांगा. आम्हाला पुस्तिकेत छापायचे आहेत."

घ्या! साऱ्या इंझोरीत ह्या कामाले मीच सापडली. भागिरथा माही धाकली जाऊ. तीस वरसं एका आंगणात काढली तिच्यासंगं, मधात फकत एक भित. सांगते म्हतलं. पण मॅडम, मी जळत जळत सांगीन. गोड गोड पायजे असन तं दुसरीकडं जा. मॅडम हासली अन् मोबाईल पुढं धरला. तिले वाटलं मी मजाक करून राह्यली.

तं ऐका. भागिरथा धनजची. लग्न होऊन आली तवा हाडाची काडी होती. सासूनं तिले पाह्यलं अन् म्हतलं, हे काय काम करीन व माय! अन् पह्यल्याच वेचणीले ह्या काडीनं साऱ्या बायाईले मांगं टाकलं. पऱ्हाटीच्या तासात, कापसाच्या ओळीत, शिरली की दोन्ही हात असे चालत का बोंडावरचा कापूस आपणच निंघून येते असं वाटे. सांजच्याले काट्यावर सगळ्यात मोठं गाठोडं तिचं. कास्तकार आमच्या दारात येऊन तिलेच आवाज देत, "भागिरथाबाई हाय काय घरी?" मी दारातच बसेल राहो. मले कोणी इचारे नाई.

माहं काय होतं, मी वेचणीत कच्ची. लय कच्ची. बाकीच्या बाया आपापले तास संपवून माह्या तासात मदतीले येत. सासू चारचौघीत म्हणे, "रुपाचे हात नाईत, मुसळं हायेत." अन् मंग लगेच, "भागिरथाचे पाहा!" जेवताना भागिरथा, निंदताना भागिरथा, पाहुणे आले का भागिरथा. एक गोष्ट तेवढी सासूले खटके. भागिरथा डावरी. डाव्या हातानं जेवे, डाव्या हातानं भाकर थापे. सासूनं दोन-चार वरसं टोकलं, मंग सोडून देल्लं. मी मनात म्हणो, टोक ना बाई, अजून टोक.

मंग मी मानोऱ्याले शिवणक्लास केला. आमच्या घरच्याईनं, पंजाबरावनं, जुनी पाय-मशीन आणून देल्ली. ते मशीन घरात आली अन् मी रुपाबाई झाली. ब्लाउज म्हणू नका, फ्रॉक म्हणू नका, विहारातल्या पडद्याईपासून शाळेच्या ड्रेसपर्यंत सारं माह्या हातचं. मशीनवर बसली की मले जगात कोणी जाऊ नाई, कोणी सासू नाई. ते एक जागा अशी होती का जिथं भागिरथाचं नाव निंघत नसे.

एकदा भागिरथा भिती आडून डोकावली. म्हणे, "बाई, मलेही शिकवा ना मशीन."

मी टेपवरून नजर नाई उचलली. म्हतलं, "डावरीले कैची धरता येत नाई. जाय, तुही भाकर जळून राह्यली असन."

ते गेली. मंग कधी तिनं इचारलं नाई अन् मी कधी तो इषय काढला नाई. वीस वरसं झाली ह्या गोष्टीले.

आता थैलीचं सांगते. परवाच्या दिवाळीआधी ह्या मॅडम अमरावतीहून आल्या. त्याईची संस्था हाय. विहाराच्या हॉलमधे बायाईले बोलावलं. म्हणे, कापूस वेचणाऱ्या बायांसाठी चांगली थैली बनवायची आहे. आमी बाया तं ओटीवरच वेचतो. जुन्या लुगड्याचा फडका कंबरीले बांधायचा, पोटापुढं झोळी करायची, अन् भरत जायचं. दुपारपर्यंत ते झोळी अशी जड होते का कंबर मोडते. बोंडाची टोकं हातापायाले बोचतात ते अलग.

कमलीबाई म्हणे, "मॅडम, अशी थैली मांगं एकदा वाटली होती कोणीतरी. मी तिच्यात कांदे भरून ठेवले."

सारा हॉल हासला. मॅडमही हासल्या. म्हणे, "म्हणूनच आलो आम्ही. आधी कोणीतरी खुर्चीत बसून वस्तू बनवतं, मग बायांना वाटतं, मग तिच्यात कांदे भरले जातात. या वेळी उलट करायचं. वापरणाऱ्या बाया सांगतील, तशी थैली शिवायची. चुकली तर पुन्हा सांगायचं, पुन्हा शिवायची. जी शेवटी ठरेल, तशा पाचशे शिवायच्या. आणि प्रत्येक थैलीवर शिवणाऱ्या बाईच्या नावाचं लेबल लागेल."

लेबल! मले त्याच्यापुढचं काही ऐकू नाई आलं. मॅडमनं इचारलं गावात शिवणारी कोण, साऱ्याईनं माह्याकडं बोटं केली. मी उभी राह्यली. रुपाबाई, इंझोरी. पाचशे थैल्याईवर. जिल्ह्यातल्या कोणत्या कोणत्या वावरात बाया माहं नाव पोटाले बांधून फिरतीन. ज्या वेचणीत मले मुसळं म्हतलं, त्या वेचणीत! सासू असती तं तिले पह्यली थैली नेऊन दाखवली असती.

बारा थैल्या शिवल्या मी पह्यल्या खेपेले. जाड कापड, दुहेरी शिलाई, दोन खांद्यावर पट्टे, शाळेच्या पोट्ट्यायच्या दप्तरासारखे, पण पोटापुढं. तोंडाले नाडी. काठाले लाल गोट लावला, शोभेले. नानाजीच्या वावरात वेचणी होती. नानाजी आमच्या गावचे बरे कास्तकार, त्याईनं परवानगी देल्ली. बाया थैल्या घालून तासाईत शिरल्या अन् मी धुऱ्यावर, बांधावर, मॅडमजवळ बसली. टेप गळ्यात.

दुपारी मॅडम वही घेऊन एकेकीजवळ गेल्या. "कशी आहे थैली?"

"मस्त हाय."

"काही त्रास?"

"नाई बा. छान हाय. रुपाबाईच्या हातची हाय, कायचा तरास?"

गोमतीबाई तेच बोलली, कमलीबाई तेच बोलली. माही छाती फुगली. आता मॅडम शहरातल्या. त्याईले कसं माहीत असन का आमच्याकडं शिवणारीच्या तोंडावर तिच्या शिवण्यात खोट काढत नसतात. कोणाच्या घरी जेवाले बसलं अन् भाजी खारट झाली तं खारट म्हणतो काय आपण? दोन घास कमी खातो अन् मस्त झाली म्हणतो. तसंच हे. अन् उद्या ब्लाउजची बाही घट्ट झाली तं ह्या साऱ्या माह्याच दाराशी येणार. मॅडमनं बाराच्या बारा बायाईपुढं वहीत 'चांगली' लिवलं. मले हे सारं समजत होतं. मी गप राह्यली. चांगली म्हणून राह्यल्या तं म्हणू द्या ना!

बारा नाई, अकरा. भागिरथाले मॅडमनं इचारलं तवा ते म्हणे, "हाय. उद्या सांगते." अन् थैली घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या आंगणात आल्या. भागिरथानं थैली आणून त्याईच्या हातात देल्ली. मी मशीनवरून उठून गेली पाह्याले, अन् माहं डोकं भणभणलं. तिनं माही थैली उसवली होती! दुहेरी शिलाई, एकेक टाका काढून. लाल गोट तं फेकूनच देल्ला. खांद्याचा एक पट्टा काढून टाकला, दुसरा तिरपा केला, उजव्या खांद्यावरून डाव्या कंबरीवर. थैलीचं तोंड मधातून काढून डाव्या अंगाले नेलं, रुंद केलं, नाडी काढून टाकली. बुडाले शिलाई उसवून तिथं बटनं लावली, तिच्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाची. अन् बाहेरून एक खिसा. हे सारं साध्या सुईनं, हातानं.

"हे काय केलं वं?" माह्या तोंडून निंघालं.

मॅडम म्हणे, "थांबा थांबा. भागिरथाबाई, हे असं का केलं ते सांगा मला."

अन् बोलली ना भागिरथा. एवढी कधी बोलत नाई. म्हणे, दोन्ही खांद्यावर पट्टे असले तं वाकता येत नाई, खालची बोंडं राहून जातात. नाडीचं तोंड सारखं मिटते, एक हात ते उघडण्यातच जाते. थैली भरली का अंगातून काढून उलटी कराची, मंग पुन्हा घालाची, अर्धा येळ तिथंच. बुडाले बटनं असली तं उभ्या उभ्या गाठोड्यावर रिकामी होते. अन् हा खिसा कवडीले. किडका, डाग पडेल कापूस, त्याले आमी कवडी म्हणतो, तो चांगल्यात मिसळला का भाव पडते अन् बाईले बोलणे बसतात.

"आणि ही लाल किनार?"

"ते दिसाले चांगली होती," भागिरथा म्हणे. "पण तिले कापूस चिकटते."

मॅडम तिथंच खाली बसल्या अन् लिवाले लागल्या. लिवून लिवून पान भरलं. म्हणे, "अकरा जणींनी मला काहीच सांगितलं नाही आणि या एकटीनं सगळं सांगितलं. रुपाबाई, अगदी अशीच शिवा. अजून बारा. आणि लेबलवर दोन नावं घालू. कल्पना भागिरथाबाईंची, शिलाई तुमची."

वा! म्हणजे माह्या लेबलवरही ते. अन् वर ते, खाली मी.

त्या दिवशी माह्या अंगाचा कसा भडका उडाला म्हणून सांगू. जेवली नाई. पंजाबराव म्हणे, काय झालं, मी त्याईच्यावर खेकसली. वेचणी तिची, सासू तिची, कास्तकार तिचे, अन् आता एवढं एक कापडाचं काम होतं ते पण तिचं! अन् तिनं माह्यावर एक बोट नाई उचललं, वाकडं एक अक्षर नाई बोलली. बोलली असती तं मी भांडली तरी असती.

दुसऱ्या दिवशी थैली समोर घेऊन बसली कापाले, अन् मले दिसलं. तोंड डाव्या अंगाले. पट्टा उजव्या खांद्यावरून. कारण काय? कारण भागिरथा डावरी. तिनं ते थैली आपल्या अंगावर बेतली, दुसऱ्या कोणाचा इचार तिच्या ध्यानातच नाई आला. उजव्या हाताची बाई हे थैली घालीन तं तिले दर बोंडाले हात पोटावरून आडवा न्यावा लागीन. उलटी घालावी तं कवडीचा खिसा आतून अंगाले लागीन अन् बटनं उघडणार नाईत. मॅडमले हे दिसलं नाई. भागिरथा दोन्ही हातानं वेचते, त्याईले काय समजते डावं उजवं.

मले समजलं. एक शब्द बोलली असती तं झालं असतं. मॅडम, तोंड मधात घ्या, ते डावरी हाय. एवढंच. फोन होता माह्याकडं मॅडमचा.

नाई केला. खोटं कायले बोलू? मी म्हतलं, अशीच शिवा म्हणतात ना? शिवते अशीच. बाराच्या बारा डाव्या तोंडाच्या. मंग वावरात बाया अडखळतीन, बोंब मारतीन, अन् मॅडमले दिसन का भागिरथाची अक्कल केवढी हाय. मंग म्हणतीन, रुपाबाई, तुमचीच बरी होती. मी असं मन लावून शिवलं का लग्नातले ब्लाउजही कधी शिवले नसतीन. एक टाका इकडचा तिकडं नाई. काम वाईट केलं असं कोणी म्हणू नाई शकलं पायजे.

आठ दिवसानं पुन्हा नानाजीचं वावर. बायाईनं थैल्या घातल्या. मी धुऱ्यावर बसून वाट पाहून राह्यली. अन् अडखळल्या ना बाया! गोमतीबाईचा हात पोटावरून आडवा जाये, कापूस खाली पडे, ते वाके, उचले, पुन्हा टाके. कमलीबाईनं तं तासाच्या पल्याड जाऊन थैली पाठीवर ढकलली अन् पदराचीच ओटी केली, मले दिसलं ना! एकटी भागिरथा सुसाट. मॅडमची नजर तिच्यावरच. म्हणे, "बघा, बघा, काय वेग आहे!"

दुपारी मॅडम वही घेऊन उठल्या. मी मनात म्हतलं, आता.

"कशी आहे थैली, गोमतीबाई?"

गोमतीबाईनं मॅडमकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. "मस्त हाय," म्हणे.

"काही बदल?"

"नाई बा. पह्यलीपेक्षा लय चांगली."

अवं माय! मले समजेना हासू का रडू. मी सोता उठून गेली. म्हतलं, "सांगा वं खरं खरं. हात अडते काय कुठं? तोंड बरोबर हाय काय? मले राग नाई येत." कमलीबाई म्हणे, "रुपाबाई, तुह्या हातची चीज हाय. तिच्यात काय खोट राहीन?" अन् पदर झटकला. पदराले कापूस लागेल होता. मी तिच्या डोयात पाह्यलं, तिनं नजर फिरवली.

बाराच्या बारा चांगल्या! मी माह्या हातानं खड्डा खणला अन् कोणी त्याच्यात पडाले तयार नाई. मॅडम खुश. वही मिटली. म्हणे, "मग ठरलं. हीच थैली. सोमवारी कापड पाठवते. पाचशे."

पाचशे. डाव्या तोंडाच्या पाचशे थैल्या, अन् प्रत्येकीवर माहं नाव. गावोगावच्या बाया त्याईत कांदे भरतीन अन् लेबल वाचून म्हणतीन, कोण हे येडी रुपाबाई? भागिरथा म्हणत होती का शिवू नको म्हणून? नाई. मीच ते. आता तोंड उघडावं तं मॅडम इचारतीन, आठ दिवस काहून गप होत्या? काय सांगू? जळत होती म्हणून सांगू?

तेवढ्यात जेवणं सुरू झाली. निंबाच्या सावलीत बाया रांगेनं बसल्या, फडके सोडले, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मॅडमही चपला काढून आल्या अन् भागिरथाच्या डाव्या बाजूले बसाले लागल्या.

अन् माह्या तोंडून निंघालं, "मॅडम, तिकडून नका बसू. इकडून बसा. ते डावरी हाय, जेवताना कोपर लागीन."

तीस वरसं मी तिले रांगेच्या डाव्या टोकाले बसवते. लग्नं असो, मयत असो, विहारातलं जेवण असो. इचार करून नाई, आपोआप. पोळी उलटतो तशी. ते शब्द बाहेर पडले अन् मले समजलं का मी काय बोलली.

मॅडम अर्ध्या वाकेल तशाच थांबल्या. भागिरथाच्या हाताकडं पाह्यलं. मंग निंबाच्या फांदीले लटकेल थैलीकडं. तोंड डाव्या अंगाले. मंग माह्याकडं.

"तुम्हाला माहीत होतं?" इतकं हळू इचारलं.

कमलीबाईचा घास हातातच. तीस वरसाची जाऊ मी, मले माहीत नव्हतं म्हणू?

भागिरथा उठली. फडका बाजूले केला. म्हणे, "मॅडम, चूक माही हाय. मी थैली माह्याच हातावर बेतली, दुसऱ्याईचं ध्यानातच नाई आलं. बाईले तुमी अशीच शिवा म्हतलं, त्याईनं शिवली. मी सांगाले पायजे होतं. ह्या थैलीत बाकीच्या बायाईले वेचता नाई येत. इचारा त्याईले आता."

आता इचारा म्हणे! जसं काही धरणाचं दार उघडलं. गोमतीबाई म्हणे, हाव ना मॅडम, माहं मनगट भरून आलं. कमलीबाई म्हणे, मी तं पदरातच वेचला, पाहा. एक म्हणे पट्टा मानेले काचते, एक म्हणे बटनं मोठी पायजेत, बोटं सुजेल असतात आमची. एक म्हातारी म्हणे, "माही ऐका. पह्यली थैली पण बेकारच होती." अन् माह्याकडं पाहून, "राग नको मानू वं रुपा." आठ-दहा दिवसाचं सारं एकदमच बाहेर आलं. कोणाले थांबवू नाई शकली मी. मॅडमले लिवाले वही पुरेना. मी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राह्यली अन् कान गरम होऊन राह्यले होते.

सांजच्याले घरी जाताना आमी दोघीच रस्त्यानं. मी म्हतलं, "तुले माहीत होतं ना? बाया थैल्या घालून अडखळल्या तवाच समजलं असन तुले."

"हाव."

"अन् मी मुद्दाम केलं, हे पण?"

"तुमी शिवेल काजं पाह्यली मी. एवढं नीट तुमी रागातच शिवता, बाई."

मले हासू आलं अन् हासताच येईना. "मंग तवाच बोलली काहून नाई?"

"लोकाईपुढं तुमची खोट काढू काय? घरी येऊन उसवणार होती. मॅडमनं लगेच पाचशेचं ठरवून टाकलं, मंग मले पण सुचेना." थोडी चालली. मंग म्हणे, "तुमी सांगान असं वाटलं मले."

मी म्हतलं, "जळते मी तुह्यावर. आजची नाई, तू आली त्या दिवसापासून."

अन् काय म्हणावं तिनं? "मी पण जळते ना तुमच्यावर. तुमची मशीन चालते तवा मी भितीजवळ येऊन बसते. वीस वरसं ऐकून राह्यली आवाज. कोणता सरळ टाका, कोणता वळणाचा, आवाजावरून समजते मले. ते थैली उसवली ना, मले एवढा आनंद कधी नाई झाला. तुमचा टाका कसा असते ते आतून पाह्याले भेटलं."

डावरीले कैची धरता येत नाई, हे माहंच बोलणं माह्या कानात वाजून राह्यलं होतं.

मंग थैली बदलली. तोंड मधात आलं, रुंद. पट्टा दोन्हीकडं लावता येते असा, जिले जसा पायजे तसा. बटनं मोठी. खिसे दोन, एक इकडं एक तिकडं. पाचवी थैली ठरली, म्हणजे चार फसल्या. दर खेपेले मॅडम मले वावरात येऊच देत नसत, घरीच बसवत, अन् तिकडं बायाईले इचारत. बरोबर हाय त्याईचं. लेबलवर नावं दोन हायेत. भागिरथा वर, मी खाली. मॅडम, छापा हे असंच. मले आवडलं नाई म्हणून पण छापा.

शेवटची गोष्ट सांगते अन् बंद करा तो मोबाईल. साऱ्या थैल्या झाल्यावर कापड उरलं होतं. त्याची मी एक डाव्या तोंडाची शिवली, तिच्यापुरती. नेऊन देल्ली. म्हतलं, घाल. तिनं घातली, आंगणात दोन चकरा मारल्या, हात चालवून पाह्यला, वाकून पाह्यलं. साऱ्या गावात दुसरी कोणी असती तं मस्त हाय म्हणून मोकळी झाली असती.

"पट्टा दोन बोटं लांब झाला, बाई," भागिरथा म्हणे.

माह्या जिवाची आग झाली ना! म्हतलं, "एवढं समजते तं तूच घे ना काढून. बस मशीनवर." अन् रागारागात उठली मी खुर्चीवरून. ते खरंच येऊन बसली. कैची मी चालवली, डाव्या हातात ते उलटी पडते, तेवढं माहं बोलणं खरं होतं. पट्टा तिनं सुईखाली धरला, पाय ठेवला, चाक फिरवलं. मी बाजूले उभी राहून पाहून राह्यली, का आता दोरा तुटीन, आता वाकडं जाईन.

नाई गेलं. इकडून तिकडं एका रेषेत शिलाई आली. मी पट्टा उजेडात धरून पाह्यला, उलटा करून पाह्यला. खोट सापडली नाई. माही पह्यल्या दिवशीची लय वाकडी आली होती.